लाल टाका

रुग्णालयाच्या धर्मादाय संस्थेला पन्नास वर्षं झाली, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त कारकून घरी बसून करतो काय, असं अध्यक्षांचं म्हणणं. पहिल्या पानावरचं वाक्य त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं: 'पहिल्या दिवसापासून आमच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात एक लाल टाका आहे, ती समानतेची खूण आहे.' वाक्य झोकात होतं. खातरजमा करायला मी शिवणखोलीत गेलो.

तिथे टाकेमावशी. पंचाहत्तरी गाठलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. संस्थेची पहिली चादर हिनेच शिवलेली. वाक्य वाचून दाखवल्यावर तिने मशीन थांबवलं. एरवी खुद्द अध्यक्ष आले तरी ती थांबवत नसे.

सुरुवातीला लाल टाका फक्त फुकट उपचारवाल्यांच्या चादरींना असे. दानात आलेलं कापड पैसेवाल्यांच्या खाटांवर जाऊ नये, एवढ्यासाठी. हेतू चांगलाच होता. पण महिन्याभरात सगळ्यांच्या नजरेला टाक्याची सवय झाली. चहा आधी बिनटाक्याच्या खाटांना, उरलेला कोमट लाल टाक्यांना. डॉक्टरांची फेरीही त्याच क्रमाने. कुणी वाईट नव्हतं, असं मावशी दोनदा म्हणाली. मला ते एकदाही पटलं नाही.

संस्थेच्या सातव्या वर्षी तिचा धाकटा भाऊ तिथे दाखल झाला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, हा टाका काढून टाक ना. माझी हाक कुणाला ऐकूच जात नाही."

कात्री तिच्या कमरेलाच होती. पण नियम तो नियम, आणि उगाच नोकरीवर गदा नको, म्हणून तिने त्याची समजूत घातली. चौथ्या दिवशी तो गेला. दुखणंच मोठं होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेलही.

कामावर परतल्यावर ती हाताला लागेल त्या चादरीला लाल टाका घालत सुटली. नव्या, जुन्या, पैसेवाल्यांच्या, एकही सोडली नाही. तीन आठवड्यांत कुठली खाट कुणाची ते कळेनासं झालं. चौकशी झाली, तेव्हा तिने 'चुकून झालं' म्हणून वेळ मारून नेली. शेकडो चादरी उसवत कोण बसणार? पुढे तीच खूण संस्थेच्या कागदांवर छापून आली.

हे सगळं पुस्तकात घालू का, असं मी विचारलं.

"माझं काही नको. फक्त 'पहिल्या दिवसापासून' तेवढं काढा. ती सहा-सात वर्षं पुसलीत, तर माझा भाऊ कुठे पडून होता म्हणायचं?"

मी 'सातव्या वर्षापासून' असं लिहिलं. अध्यक्षांनी ते दोनदा खोडलं, मी दोनदा पुन्हा लिहिलं, आणि शेवटची तपासणी माझ्याकडे होती. या वयात मला कोण काढणार?

छापलेलं पुस्तक मावशीला नेऊन दिलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवून ती सावकाश वाचली. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"तो टाका उसवायला अर्धं मिनिट लागलं असतं, साहेब," ती म्हणाली, आणि तिने मशीन सुरू केलं.