दादाच्या कानांसाठी ॲप

आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल शाईने शेरे मारणाऱ्या बाईने निवृत्तीनंतर स्वतःच लिहायला बसावे, हे मला थोडे धिटाईचेच वाटते. वाचकांनी क्षमा करावी. मोठे असे काही सांगायचे नाही. फोनमधल्या ॲपच्या दुकानात माझी उडालेली त्रेधा आणि थोरल्या भावाशी पुन्हा सुरू झालेले बोलणे, एवढाच काय तो विषय.

दादा पारगावच्या शिवारात राहतो. त्याचा जन्म मेंढरांमागे गेला. आता मोजकीच दारात आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याचे ऐकणे पार गेले. कानातल्या यंत्राने त्याला नुसताच गोंगाट ऐकू येई, म्हणून ते त्याने डब्यात घालून ठेवले. मग घरातले बोलणे आखूड होत गेले. जेवायला खुणेने बोलवायचे, पाणीही खुणेनेच विचारायचे. मी येडगावहून भेटायला जाई तेव्हा "बरा आहेस ना?" असे एकदा ओरडून झाले, की आमचा संवाद संपे. टाळी देऊन हसणारा माझा भाऊ चार माणसांत बसेनासा झाला होता.

जुन्नरच्या एका दवाखान्यात नर्सबाईंनी मला सांगितले, की बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणारे ॲप असते आणि ते फुकट मिळते. नाव मात्र त्यांनाही आठवेना. दादा चौथीपर्यंत शिकलेला आहे, त्याला वाचता येते. मी त्याच रविवारी पारगाव गाठले.

दादाच्या ओसरीवर बसून मी शोध घेतला आणि यादीत सर्वांत वर आलेले ॲप उतरवून घेतले. ते उघडताच साबणाची जाहिरात आली. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट दरवेळी साबणावरच पडे. ते काढून टाकले आणि पुन्हा शोधले. या वेळी वर आलेल्या ॲपने आधी बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला. 'पुढे जा' हे बटण हिरवेगार आणि ठसठशीत. 'आत्ता नको' मात्र चष्मा लावूनही दिसू नये असे राखाडी. तिसऱ्या वेळी फोनमधली जागाच संपली. जागा करण्यासाठी माझ्या निरोपसमारंभातली भाषणे मी पुसून टाकली. तिसरे ॲप आले, पण त्याला मराठीच येत नव्हते.

वहिनी आतून म्हणाली, "वन्सं, एवढ्या येळात सगळ्या मेंढरांची कातरणी उरकली असती."

दादा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होता. "मास्तरीनबाई," तो म्हणाला, "तू दर बारीला म्होरलंच का धरती गं?"

मी हाताने विचारले, मग काय करू?

"म्होरं चालती ती शेळी. मेंढरू आपणहून म्होरं व्हत नाय, म्हणून तर आमी कळपात शेळ्या ठिवतो. म्होरलं बघून कळपाची पारख करायची नसती. लई शिकलीस, पर एवढं कळलं न्हाई?"

मी यादी पुन्हा पाहिली. वरच्या दोन्ही नावांखाली फिकट अक्षरांत 'जाहिरात' असे लिहिलेले होते. उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा, असे मुलांना बजावण्यात माझी सारी नोकरी गेली. मी स्वतः एकदाही वाचले नव्हते. यादी खाली सरकवत गेले. बरेच खाली, साध्याशा चित्राचे एक ॲप होते. त्याची माहिती मराठीत होती. त्याने मायक्रोफोन वापरू का, एवढेच विचारले.

मी फोन दादापुढे धरला. आणि नेमके नको तेच विचारले, "दादा, ऐकू येतंय का?"

अक्षरे उमटली. दादाने त्यांवर बोट ठेवून ती वाचली आणि तो खदखदून हसला. "ऐकू नाय येत. पर दिसतंय की!"

वहिनी धावत आली. तिचे रांगडे बोलणे ॲपने अगदी छापील मराठीत उतरवले. दादा म्हणाला, "ही कवा अशी बोलली? शाळंत जाऊन आली का काय?"

"एवढी वर्सं तुमी माझं ऐकलंच कवा?" वहिनीने फटकारले. तेही उमटले आणि तेही त्याला वाचावे लागले.

चहा दोनदा झाला. मी थांबले की दादा म्हणे, "बोल की." बोलता बोलता, कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट मी त्याला सांगून टाकली: या वयात मला काहीतरी लिहावेसे वाटते, पण धीर होत नाही. त्याने ते वाक्य दोनदा वाचले.

"मग ह्येच लिव," तो म्हणाला. "मला वाचता येतं."

त्याच्या सांगण्यावरून हे लिहिले. येत्या रविवारी कागद घेऊन पारगावला जाणार आहे. त्याआधी तुम्हीच सांगा, दादाला हे आवडेल का?