घमेल्यातलं मशीन

आता हसणार असाल तर मी सांगतच नाही. मला जुनी गवत कापायची मशीनं वाचवायचं वेड आहे. ती हातानं ढकलायची, बिडाची, गोल फिरणाऱ्या पात्यांची. लोणावळ्यातल्या बंगल्यांची ही मशीनं आता भंगारात जातात, ते मला बघवत नाही. मग मी ती आणतो, खोलतो, घासतो आणि शेडमध्ये मांडून ठेवतो. आमच्या दारात गवत? छे हो, दोन कुंड्या आहेत. त्यातही कोरफड.

तर खंडेनवमीची सकाळ. बायकोनं झेंडू आणायला पिटाळलं होतं. वाटेत एका बंगल्याच्या फाटकाबाहेर बघतो तर काय, लाकडी मुठीचं जुनं मशीन! शेजारी कुदळ, खुरपी, पोचे पडलेली झारी. आणि गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याचा भोंगा. मी हाका मारल्या, देवाशपथ मारल्या. कोणी ओ देईना. भोंगा जवळ आला तशी मी घाई केली. मशीन स्कूटरवर पुढ्यात घातलं आणि सुटलो.

घरी येऊन लगेच खोललं. राहवतच नाही, काय करू? पाती, रूळ, बोल्ट, सगळं घमेल्यात रॉकेलमध्ये बुडवलं. झेंडू अर्थातच विसरलो.

बायको चिडून स्वतःच गेली आणि चेहरा पाडून परत आली. त्या बंगल्याचे माळी बबनभाऊ फाटकात डोकं धरून बसलेत म्हणे. पूजेसाठी हत्यारं धुऊन उन्हात वाळत ठेवली, फुलं तोडायला मागं गेले, तेवढ्यात मशीन चोरीला. उद्या दसऱ्याला मालक येणार आणि नोकरी जाणार, असं म्हणत होते.

"असल्या माणसाचे हात झडोत," ती म्हणाली. मी हात मागे लपवले.

ती पूजेला लागली आणि मी घाम पुसत बसलो. भाऊंची नोकरी गेली तर? पोलीस आले तर? शेवटी ठरवलं, पटकन जोडू आणि गुपचूप ठेवून येऊ. शेडमध्ये गेलो तर पाने, पकडी, हातोडी, सगळं गायब. देवघरात ओळीनं मांडलेलं, वर हळदकुंकू, वर एकेक झेंडू.

"आज हत्याराला हात लावायचा नाही," बायकोनं बजावलं. "उद्या उचला."

आता पान्याशिवाय मशीन जोडू कशानं? सांगावंच लागलं. ती नुसती घमेल्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा पोलीस परवडले असते.

रिक्षात घमेलं मांडीवर घेऊन बंगल्यावर गेलो. प्रत्येक खड्ड्यात बोल्ट खुळखुळत होते आणि माझं काळीज त्यांच्याबरोबर. बबनभाऊंनी घमेल्यात डोकावलं. मग एकेक पातं पुसून पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं.

"भाऊ, मला वाटलं भंगारात टाकलंय. वाचवायला नेलं हो."

"इतकी वर्सं भंगारवाल्यापासनं जपलं," भाऊ म्हणाले. "तुमच्याकडं ध्यानच गेलं न्हाई."

दसऱ्याला उजाडता उजाडता जाऊन मी ते जोडून दिलं. मालक आले तेव्हा भाऊ हिरवळीवर मशीन ढकलत होते. नोकरी वाचली, माझा जीव भांड्यात पडला.

आता दर खंडेनवमीला भाऊंचा सकाळी सकाळी फोन येतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, सणाच्या शुभेच्छा.

"घरीच हायसा न्हवं?" ते विचारतात. "मंग ठिवतो मशीन वाळत."