म्हाताऱ्याची खंडेनवमी

हरेश्वर घरतच्या तोंडी सदा एकच वाक्य असायचं. "चालतंय ना? मग हात नको लावू." पंखा करकर करतोय, पण चालतंय ना. चपलेचा अंगठा तुटून तारेनं बांधलाय, पण चालतंय ना. बायको म्हणायची, "वरातीची जीप ढकलत आणलीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं." न्हावा शेव्याच्या रस्त्याला लागून एक कंटेनर यार्ड आहे, तिथल्या वजनकाट्याच्या खोलीत हा माणूस बसायचा. आणि त्याच्यासमोर टेबलावर बसायचा म्हातारा.

म्हातारा म्हणजे कॉम्प्युटर, पडदा टेबलावर आणि खोकं टेबलाखाली. मूळचा पांढरा, आता मुरलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा पिवळट. त्याच्या पोटात लिनक्स नावाची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम होती, जिची विचारपूस करणं जगानं कधीच सोडून दिलं होतं. पण त्याच पोटात एक कार्डही होतं. ट्रक काट्यावर उभा राहिला की वजन या कार्डातून आत यायचं, आणि ते कार्ड बनवणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली होती. कार्डाला ओळख फक्त या जुन्या लिनक्सची. नवीन काही घातलं की ते मुकं व्हायचं. म्हणून म्हातारा टिकून होता.

त्याला एक जुनं दुखणंही होतं. वीज गेली तरी तारीख लक्षात ठेवायला आत एक छोटा सेल असतो, तो मरून वर्षं झाली होती. बंद केला की म्हातारा तारीख विसरायचा आणि थेट त्याच्या जन्मवर्षाला जाऊन बसायचा. सेल बदलायचा तर खोकं उघडा, हात घाला. हरेश्वरनं इन्व्हर्टर लावला आणि म्हाताऱ्याला कधी बंदच करायचं नाही असं ठरवून टाकलं. चालतंय ना.

गणपती गेले आणि मृणाल मॅडम काट्यावर आल्या. या मालकांच्या सूनबाई, अलिबागच्या, आता यार्डाचा कारभार त्याच बघायच्या. बोलणं कमी, चालणं फार. म्हणाल्या, "हरेश्वरदादा, दसऱ्यापासून काटापावती ऑनलाइन जायला पाहिजे. इकडे वजन झालं की तिकडे सर्व्हरवर आणि माझ्या फोनवर पोचलं पाहिजे. तुमच्या मशीनला जमेल?"

"जमेल की." काय जमवायचंय हे विचारण्याआधीच हरेश्वर बोलून बसला.

"नाही जमलं तर पनवेलची एक पार्टी सगळा नवा काटा लावून देतेय. मशीन त्यांचं, माणूसही त्यांचाच. सासरे म्हणतात, दसऱ्याच्या मुहूर्तावर सही करून टाकू."

माणूसही त्यांचाच. मॅडम गेल्या तरी एवढे शब्द खोलीत राहिले. हे यार्ड जिथं उभं आहे तिथं पूर्वी मिठागर होतं, आणि हरेश्वरचा बा त्या मिठागरात राबायचा. पुढं मिठागर गेलं, भराव पडला, आणि त्याच्या बदल्यात घरात एक नोकरी आली. ती ही खुर्ची. ही गेली तर पन्नाशीला आलेल्या माणसानं कुठल्याशा गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं. हरेश्वर घाबरला. चारचौघांत कबूल केलं नसतं, पण घाबरला.

बरं, अडचण काय होती? पावत्या पाठवायचा नवा प्रोग्राम पायथन नावाच्या भाषेत लिहिलेला. त्या भाषेतली आज्ञा वाचून ती यंत्राकडून करून घेणारा जो कारभारी, त्याला म्हणतात इंटरप्रिटर. म्हाताऱ्याकडे तो होता, पण अगदी जुन्या वळणाचा. नवा प्रोग्राम दाखवला की पहिल्याच ओळीला नाही म्हणून मान हलवायचा. नवा कारभारी तयार मिळतो, पण तो नव्या यंत्रांच्या मापाचा. मग उरला एकच मार्ग. त्याचा सोर्स, म्हणजे कच्चा माल उतरवायचा, आणि म्हाताऱ्याच्याच अंगावर माप घेऊन तिथंच तो घडवायचा.

हरेश्वरला उरणच्या क्लासात कॉम्प्युटर शिकून जमाना झाला होता. पण गरज पडली की माणूस मोबाईलवर काय काय वाचतो. त्यानं सोर्स उतरवला, आज्ञा दिली, आणि पडद्यावर चौकशी सुरू झाली. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. अमक्याची आवृत्ती कुठली, तमक्याची फाईल कुठं. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतकं विचारत नाहीत. शेवटी कारभारी घडला. हरेश्वरनं मोठ्या हौसेनं त्याला जुन्याच्या गादीवर बसवला, आणि म्हाताऱ्याची निम्मी हत्यारं, म्हणजे आतले जुने प्रोग्राम, रुसली. ती सगळी जुन्या कारभाऱ्याचं ऐकून चालायची, नव्याचं त्यांना अक्षर कळेना. दोन दिवस कपाळाला हात लावून बसल्यावर त्याला उमगलं की नव्याला जुन्याच्या शेजारी वेगळी जागा द्यायची असते, जुन्याला उठवायचं नसतं. ही गोष्ट त्याला फार पटली. बायकोलाही सांगितली. ती म्हणाली, "हे तुमच्या आईला सांगायचं होतंत, मी आले तेव्हा."

जुना परत गादीवर बसला, नवा शेजारी आला, तर नवीनच लचांड. नव्याला कुलूपबंद बोलणं, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं, येईना. आणि ऑनलाइन पावती कुलूपबंदच जाते, उघडी कोण घेणार? त्यासाठी एक वेगळं सामान आधी घडवायचं, आणि मग कारभारी पुन्हा मुळापासून. लग्नात एका आत्याला बोलवायचं तर आधी तिच्या जावेचा रुसवा काढावा लागतो, तसला प्रकार. हे कुलपाचं सामान घडवण्यात घट बसले, माळा चढल्या, आणि कारभारी शेवटचा घडवायला मुहूर्त मिळाला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी.

आता खंडेनवमी म्हटलं की चंद्राबाई आलीच. यार्डात झाडलोट करणारी, चहा करणारी. हरेश्वरच्या आईबरोबर तिनं मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, म्हणून तो तिला आते म्हणायचा आणि टरकूनही असायचा. मिठागरापासूनची रीत तिनं यार्डातही सोडली नव्हती. त्या दिवशी हत्यारं धुवायची, पुजायची, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना निजू द्यायचं. क्रेन निजायची, फोर्कलिफ्ट निजायची, ऑफिसातला स्टेपलरसुद्धा हळदकुंकू लावून निजायचा. दुपारनंतर यार्डच बंद. म्हाताऱ्याला मात्र निजवणं शक्य नव्हतं, त्याची तारीख जायची. आतेला हे कोण समजावणार? म्हणून हरेश्वर दरवर्षी तिच्यासमोर हळूच पडदा तेवढा बंद करायचा. पडदा काळा झाला की आते समाधानानं फूल वाहायची, आणि टेबलाखाली म्हातारा गुपचूप जागा असायचा.

या वर्षीही त्यानं तेच केलं. सकाळी कारभारी घडवायला लावला, पडद्यावर ओळी भराभर पळायला लागल्या, तेव्हा त्यानं पडदा बंद केला आणि झेंडूची फुलं आणायला निघून गेला. निश्चिंत. फुलवाल्याशी घासाघीससुद्धा केली.

परत आला तर टेबलाखाली सामसूम. म्हाताऱ्याच्या डोक्यावर हळदकुंकू, समोर फुटका नारळ, आणि प्लगची वायर व्यवस्थित गुंडाळून शेजारी ठेवलेली.

"आते, हे काय केलंस?"

"निजवला," चंद्राबाई म्हणाली. "तू म्हनतोस निजलाय, निजलाय, आन् आतून घुर्रघुर्र करतोय. निजल्याला मानूस असा घोरतो होय? मी कान लावून बघितला, जागाच हाय. इतकी वरसं मला फसवतोस व्हय रं?"

हरेश्वर टेबलाखाली वाकला. चोरी पकडली गेली होती आणि सकाळपासूनचं काम पाण्यात गेलं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी. त्यानं प्लग परत घातला. आते म्हणाली, "आरं, आज न्हाय चालू करायचा." तो म्हणाला, "आते, आज नाही चालू केला तर उद्यापासून मीच घरी निजेन." हे ऐकून ती बाजूला सरली, पण तिनं तोंड जे फिरवलं ते फिरवलं.

रागात माणूस काय विसरेल याचा नेम नाही. हरेश्वरनं अर्धवट घडलेलं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. मध्ये मध्ये पडद्यावर येत होतं की फाईलची वेळ पुढची दिसते, फाईल भविष्यातली दिसते. हा मनात आतेला उत्तरं देत बसला होता. वाचतोय कोण? दिवेलागणीला कारभारी घडून तयार झाला. हरेश्वरनं हात जोडले आणि एक खोटी पावती पाठवून बघितली. तिकडच्या सर्व्हरनं दारातूनच परतवली. ओळख पटवण्याच्या प्रमाणपत्रात गडबड आहे, असं काहीतरी. त्यानं अर्धी ओळ वाचली आणि खुर्चीत बसूनच राहिला. म्हणजे कुलपाचं सामानच वाईट घडलं. आता सगळं परत करायला वेळच नव्हता. घरी गेला, जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "उद्या सोनं वाटून येतो, आणि मग शिट्टी विकत घेतो."

दसऱ्याला मृणाल मॅडम आल्या त्या नवी साडी नेसून आणि हातात पनवेलवाल्यांचे कागद घेऊन. पहिला ट्रक काट्यावर चढला. ड्रायव्हर रघू जसखारचा, तोंडानं फटकळ. हरेश्वरनं वजन घेतलं, छापील काटापावती काढून त्याच्या हातात दिली, आणि ऑनलाइनचं मॅडमना कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागला.

रघू पावती बघत तिथंच उभा राहिला. "हरेश्वरभाऊ, ही कनच्या काळातली पावती? एक जानेवारी दोन हजार पाच? अरे, तवा मी शालेत होतो. ही घेऊन गेटवर गेलो तर मना येड्यात काढतील."

हरेश्वरनं पावती त्याच्या हातातून ओढली. मग पडद्याकडे वळला आणि कालची ती ओळ पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही. कशी सुरू होणार? प्रमाणपत्र यंदाचं, आणि म्हातारा बसला होता दोन हजार पाचात. कुलूप चांगलं होतं. कारभारी चांगला होता. सगळं चांगलं होतं, फक्त काल म्हातारा निजला होता.

त्यानं तारीख बदलायला घेतली, आणि हात थांबला. एक जानेवारी दोन हजार पाच. त्या दिवशी इथं, याच खोलीखाली, मीठ धरत होतं. बा पाण्यात उभा राहून मीठ गोळा करायची फळी ओढत असेल आणि आते डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून येत असेल. बा पावसाळ्यानंतर फळीची दांडी दरवर्षी नवी घालायचा. जुनी चालत असली तरी. हरेश्वरला बाची फार आठवण आली, भर दसऱ्याला, मॅडमसमोर, डोळे भरून. मग त्यानं आजची तारीख घातली आणि पावती पाठवली.

क्षणभरानं मॅडमचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं. "आली," त्या म्हणाल्या. रघूचं वजन, रघूची गाडी, आजची तारीख. पनवेलचे कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये घातले आणि म्हणाल्या, "सासऱ्यांना सांगते, सही राहू दे. पण दादा, पुन्हा असं शेवटच्या घटकेवर नका आणू." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या चंद्राबाईच्या हातून आपट्याचं पान घेतलं आणि निघाल्या.

चंद्राबाई आत आली. तिनं म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक पान ठेवलं, हरेश्वरच्या हातात एक दिलं, आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "बघ. एक दिस नीट निजू दिला, तर कसा कामाला लागला. इतकी वरसं नुसता जागा ठेवून मारत होतास त्याला."

हरेश्वरनं तोंड उघडलं. सेल, तारीख, प्रमाणपत्र, सगळं ओठांवर आलं होतं. मग तिच्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

"व्हय आते," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी जाताना त्यानं उरणच्या बाजारात घड्याळवाल्याकडे गाडी थांबवली आणि बटणाएवढा एक सेल मागितला. घड्याळवाला ओळखीचा. त्यानं विचारलं, "बिघडलंय काय?"

"नाही," हरेश्वर म्हणाला, "चालतंय. म्हणूनच बदलायचाय."