वजन उचललं की अंग आखडतं?

मित्रांनो, सकाळपासून मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहितो.

आमच्या तामसी गावात वीस वर्षांपासून कराटे शिकवतो. माझा एकच कडक नियम आहे, जिमला जायचं नाही. वजन उचललं की अंग आखडतं, लाथेचा वेग जातो, असं गुरुजींनी मला सांगितलं होतं. मी तेच पुढे सांगत आलो.

आज पहाटे अंगणात लेकीसमोर पॅड धरून उभा होतो. तिच्या लाथेने मी दोन पावलं मागे गेलो. पाय नेहमीसारखाच उंच आला आणि झटकन परतही गेला.

"काऊन गं, काय खाऊन आली आज?"

ती खाली पाहत म्हणाली, "बाबा, रागवू नका. तीन महिन्यांपासून कॉलेजच्या जिममध्ये वजन उचलून राह्यली."

मी रागावलोच. खोटं बोलू नये, हे पंचशीलातलं शील तिला मीच शिकवलं होतं.

तेवढ्यात बायको दारातून म्हणाली, "अन् तुमी? दिवसभर जिनिंगवर कापसाची गाठोडी उचलून संध्याकाळी कराटे करत होते ना? तवा नाही आखडलं आंग?"

 ती मजुरी होती, मी ती व्यायामात कधी धरलीच नव्हती.

नंतर बुद्धवंदनेला बसलो, पण मन लागलं नाही. लेकीने लपवलं खरं, पण माझ्या धाकानेच ना?

उद्या पहाटे ती पुन्हा समोर उभी राहील. वजनाचं जाणकारांना विचारून मी शिकून घेईन. पण लेकीला "माझं चुकलं" कसं म्हणायचं, हे तुमच्यापैकी कोणी सांगेल का?