सिक निल

रेजिमेंटचं नाव सांगत नाही, पोस्टचंही नाही. ती लडाखमध्ये होती, सोळा हजार फुटांच्या वर, आणि महाराष्ट्र होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. कार्तिकात खिंड बंद झाली की चैत्राशिवाय उघडायची नाही. मधले महिने आम्ही बारा माणसं, दोन बंकर, ऊब द्यायला रॉकेलच्या बुखाऱ्या आणि एक वायरलेस सेट. सेट माझ्या ताब्यात होता. मी लान्स नायक लहाने, ऑपरेटर, गाव अमडापूर.

गावात लोक अजून विचारतात, गोळीबार किती झाला? एकही गोळी सुटली नाही. आमचं काम म्हणजे बर्फ उपसायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं आणि ड्यूटी द्यायची. कांदा कुऱ्हाडीने फोडावा लागे. दहा पावलं चाललं की थांबून श्वास घ्यायचा. खाली कंपनी हेडक्वार्टर पायी तीन दिवसांवर, तेही उन्हाळ्यात. हिवाळ्यात फक्त हेलिकॉप्टर, आणि तेही वर पोस्टवर उतरत नसे. पोस्टपासून दीड तासाच्या उतारावर एक सपाट जागा होती, तिथे उतरायचं. अकराच्या आत, कारण नंतर वारा सुटायचा.

त्या बारांत बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही तिघं होतो. मी, जानेफळचा सिपाही किसन म्हस्के आणि पोस्ट कमांडर नायब सुभेदार खर्चे, खामगावकडचे. बाकी सगळे सातारा-कोल्हापूरचे. आमचं ‘करून राह्यलो, जाऊन राह्यलो’ ऐकून ते खिदळायचे. किसन त्यांना पुरून उरायचा. तेवीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, आवाज मोठा. बर्फाकडे बघून म्हणायचा, “एवढं पानी फुकट पडून राह्यलं बे इथं. माह्या वावरात पडलं असतं तं सरकी नाई, सोनं पिकोलं असतं.”

रोज सकाळी सहाला मी खाली रिपोर्ट द्यायचो. नफरी बारा, सिक निल, अॅम्युनिशन ओके, रॉकेल इतके जरीकेन. नफरी म्हणजे हजर माणसं, सिक निल म्हणजे आजारी कोणी नाही. खर्चे साहेबांना या ओळीचा भारी अभिमान. आजूबाजूच्या सगळ्या पोस्टवरून कोणी ना कोणी खाली नेला होता, आमच्याकडून एकही नाही. पूर्ण हिवाळा निल गेला असता तर साहेबांचं सुभेदारपद पक्कं होतं. हे ते बोलून दाखवायचे. आम्हालाही त्यात फुशारकी वाटायची, खोटं कशाला सांगू?

माघातली गोष्ट. एका संध्याकाळी किसन जेवला नाही. डोकं ठणकतंय म्हणाला, खोकला होता. दुसऱ्या दिवशी त्याला चार पावलांत धाप लागायला लागली. आता कोणीही सांगेल की त्या उंचीवर असा माणूस तासाभरात खाली उतरवायचा. तेव्हा आम्हाला आमच्या गावचं औषध माहीत होतं. अंग मोडून आलं तरी वावरात जायचं, घाम निघाला की माणूस मोकळा होतो. आमच्या बापांनी हेच केलं, आम्हीही तेच केलं. खर्चे साहेबांनी किसनच्या हाती फावडं दिलं.

“घाम काढ, दुपारपर्यंत ठनठनीत होशीन.”

मी बाजूला उभा होतो. मलाही ते बरोबरच वाटलं. किसनने दोन तास बर्फ उपसला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो आडवा होईना. आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसला होता. छातीत हुक्क्यासारखी गुडगुड. पवार म्हणून आमचा नर्सिंग असिस्टंट होता, साताऱ्याचा. त्याने छातीला कान लावला आणि म्हणाला, “साहेब, पाणी भरलंय. आज खाली गेला पाहिजे.”

सहाला पाच मिनिटं कमी होती. मी हॅण्डसेट हातात घेऊन विचारलं, “साहेब, सिक एक सांगू?”

“निल सांग.”

“साहेब, म्हस्के...”

“मले शिकवतं का बे? निल सांग. दुपारी पाह्यतो त्याचं.”

मी बटण दाबलं. “नफरी बारा, सिक निल.”

खालच्या ऑपरेटरने रोजच्यासारखं विचारलं, “कन्फर्म सिक निल, ओव्हर?”

“कन्फर्म. ओव्हर.”

किसन माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सव्वानऊला हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून गेलं. शेजारच्या पोस्टला टपाल द्यायला चाललं होतं. परत जातानाही आमच्यावरूनच गेलं, रिकामं. मी बाहेर उभा राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.

दुपारी दोनला किसनच्या तोंडून गुलाबी फेस यायला लागला. पोस्टवर ऑक्सिजनचा एकच सिलिंडर, तो पवारने लावला. मी पुन्हा साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “सकाळी निल गेला. आता सिक सांगतला तं इचारतीन, सकाळी काय झोपले होते का? उद्या सहाले सांगू.” पवारने हात जोडले. मी नाही जोडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी सलाम ठोकून बाहेर आलो. चूक तिथे झाली. सेट माझा होता, बटण माझ्या बोटाखाली होतं. साहेबाला बाजूला सारून बोललो असतो तर फार तर कोर्ट मार्शल झालं असतं.

चौथ्या दिवशी सहाला मी सांगितलं, सिक एक, सीरियस, हेलिकॉप्टर भेजो. खालून उत्तर आलं, “मौसम बंद. हेलिकॉप्टर नेगेटिव्ह. कल क्यों नहीं बोला? ओव्हर.”

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “वेट, आउट,” म्हणजे नंतर सांगतो, आणि बोलणं तोडलं.

सातला आम्ही आठ जणांनी किसनला स्ट्रेचरवर घेतलं. सपाट जागेपर्यंत पोचवू, ढग फाटले तर हेलिकॉप्टर येईल, एवढीच आशा. बर्फ मांडीपर्यंत. दीड तासाच्या वाटेवर सव्वाचार तास झाले आणि तरी वाट संपली नव्हती. अकरा वीसला पवारने स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितलं. त्याने नाडी बघितली, मग किसनचं तोंड पुसलं. ढग तसेच होते.

पोस्टवर परतल्यावर साहेबांनी मला मजकूर दिला: रात्री अचानक छातीत कळ, सकाळी मृत्यू. तोही मीच पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बंकरबाहेर आरसा लावून दाढी करत होते. मी ड्यूटीवर होतो, रायफल भरलेली होती, अंतर दहा पावलं. मी सेफ्टी कॅच काढला. देवाशपथ सांगतो, मला ना पापाच्या भीतीने थांबवलं, ना कायद्याने. पवार मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “लहाने, एक पुरे झाला.” मी कॅच पुन्हा लावला. त्या माणसाने दाढी पुरी केली, तोंड पुसलं आणि रिपोर्टची वेळ झाली म्हणून मला हाक मारली.

चैत्रात खिंड उघडल्यावर चौकशी झाली. मेजरसाहेबांनी मला विचारलं, “तबीयत अचानक बिगडी?” खर्चे साहेब माझ्या मागे उभे होते. मी म्हणालो, “जी साहब, अचानक.” त्या वर्षी ते सुभेदार झाले आणि मी नायक झालो.

पेन्शनवर आल्यावर मी जानेफळला किसनच्या आईकडे जायला लागलो. तिला मी मावशी म्हणायचो. दर दिवाळीला जायचो. ती ताट वाढायची आणि दरवेळी तेच विचारायची, “त्याले तरास तं नाई झाला ना, बापू?” मी म्हणायचो, “नाही मावशी, झोपेतच गेला.” अशा चार दिवाळ्या मी तिच्या घरी जेवलो. घास गिळायचा. आणि परतीच्या एसटीत बसून खर्चेला मनातल्या मनात मारायचो, दरवेळी वेगळ्या तऱ्हेने.

मग एका सव्वीस जानेवारीला आमच्या अमडापूरच्या शाळेत झेंडावंदनाला पाहुणे आले, रिटायर्ड सुभेदार खर्चे. फेटा, छातीवर मेडल. मी खाली माजी सैनिकांच्या रांगेत. साहेब माईकवर बोलले, “माह्या पोस्टवर पुरा हिवाळा एक जवान बिमार पडला नाई. शिस्त म्हनतात ते याले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्यानेही वाजवल्या.

कार्यक्रमानंतर हेडमास्तरांच्या खोलीत चहा चालला होता. मी आत गेलो. साहेबांनी ओळखलं. हेडमास्तर बाहेर गेले तसं मी दार लोटलं.

“साहेब, उद्या सकाळच्या एसटीनं जानेफळ. म्हस्केच्या मायकडे.”

“काऊन?”

“तिच्यासमोर सांगायचं. सिक निल कोणी सांगायला लावलं ते.”

“अन् नाई आलो तं?”

“तर माईक अजून बाहेरच आहे. लोकही आहेत.”

त्यांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, “हाव. येतो.”

खरं सांगतो, त्या रात्री मी लग्नाच्या आदल्या दिवसासारखा खुशीत होतो. मला त्याला त्या बाईसमोर उघडं पाडायचं होतं. तिने त्याच्या तोंडावर थुंकावं आणि ते मी बघावं, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं दातओठ खात जगलो होतो.

मावशी ओसरीवर तुरी पाखडत होती. मी म्हणालो, हे किसनचे पोस्ट कमांडर, तुमच्याशी बोलायला आलेत. खर्चे उभ्यानेच बोलले. फौजी माणूस, त्यांनी काही लपवलं नाही. फावडं सांगितलं, फेस सांगितला, हेलिकॉप्टर सांगितलं. “मावशी, सिक निल म्याच सांगाले लावलं. मले सुभेदार व्हाचं होतं.”

मावशीने सूप खाली ठेवलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने खर्चेला काही म्हटलं नाही. विचारलं, “लावलं तुमी. मंग मशिनीवर बोललं कोन?”

खर्चेंनी माझं नाव घेतलं नाही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“मी बोललो, मावशी.”

“तू?”

“हो. आणि चौकशीतही खोटं बोललो.”

“चार दिवाळ्या माह्या घरी जेवला तू,” ती म्हणाली. “म्या तुह्या ताटात पुरन वाढलं.”

मग तिने पदर खोचला आणि दोघांनाही हुकूम सोडला. मेजरसाहेबांच्या आवाजातही ती धार मी ऐकली नव्हती. “आता दरसाली त्याच्या तिथीले दोघंबी याचं. संग याचं. इथं बसाचं. म्या इचारीन ते खरं सांगाचं. जेवन मिलनार नाई.”

आम्ही जायला लागलो. सूड मला घ्यायचा होता, तो तिने घेतला, आणि दोघांवर घेतला. मी अमडापूरहून, खर्चे खामगावहून, चिखलीच्या स्टँडवर भेटायचो. एकमेकांशी एक शब्द बोलायचो नाही. ओसरीवर शेजारी शेजारी बसायचो. मावशी दरसाल एकच गोष्ट विचारायची. एका साली विचारलं, त्याच्या अंगावर स्वेटर कोणता होता? एका साली, स्ट्रेचरला डोक्याकडून कोणी धरलं होतं? कधी खर्चे सांगायचे, कधी मी. मग ती उठून आत जायची आणि आम्ही निघायचो. खर्चे एकदा तापात आले होते, एसटीत चढता येत नव्हतं, मी हात दिला नाही. मी त्यांना माफ केलं नव्हतं. आजही केलेलं नाही. आणि माझ्या आरशात दिसतो त्या माणसालाही नाही.

सहाव्या साली मावशी फार थकली होती. खाटेवर होती. तिने विचारलं, “शेवटी त्यानं कोनाचं नाव घेतलं?”

खर्चेंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी विनवत होते, म्हण की आईचं. माझ्याही ओठांवर तेच आलं. म्हातारीला काय कळणार होतं? तिचा जीव निवला असता.

“कोणाचंच नाही, मावशी,” मी म्हणालो. “बोलायला दम पुरत नव्हता. माझा हात धरून ठेवला होता, तेवढंच.”

मावशीने डोळे मिटले. “जोरात धरला होता?”

“हो. नखं रुतली होती.”

“बरं,” ती म्हणाली. “पुढच्या साली येजा.”

पुढच्या सालापर्यंत ती राहिली नाही. आम्ही गेलो, ओसरीवर बसलो. विचारायला कोणी नव्हतं. दोन वर्षांनी खर्चेही गेले. आता मी एकटा जातो. किसनच्या भावाची सून पाणी आणून देते. नवी पोर आहे, तिला काही माहीत नाही. मागच्या साली तिने विचारलं, “बाबा, किसनकाका दिसाले कसे होते?” मी तिला संध्याकाळपर्यंत सांगत बसलो.