टेपबाईची मापवही

गळ्यात सदा मोजायची टेप, म्हणून आमच्या गल्लीत तिला टेपबाई म्हणतात. दहा बाय बाराची खोली, खिडकीशी शिलाई मशीन, पलंगाखाली गिऱ्हाइकांच्या कापडाची गाठोडी. धाकटा पाच महिन्यांचा. सात वर्षांची मोठी पोरगी जिना चढली की छातीतून शिटी वाजते. दमा! आणि दोष कुणाचा? आईचा, दुसरं कोण!

"कापडाचं भुसकट पोरीच्या छातीत जातंय," सासू म्हणायची. "विकून टाक ते मशीन."

"विकते. मग खायचं काय, बटणं?"

तोंडानं फाडफाड बोलली, पण तीन दिवस मशीनला हात लावला नाही तिनं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी भलतंच विचारलं. "तान्ही असताना हिला जुलाब फार व्हायचे का?"

"दुखणं छातीचं, नि तुम्ही पोटाचं विचारता?"

"लहानपणी आतड्याचा संसर्ग झालेल्या मुलांना पुढं दम्याचा धोका जास्त असतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. हिचं कारण तेच, असं ठाम नाही सांगता येणार. धूळ टाळाच. पण धाकट्याला आता पाणी सुरू कराल, ते सांभाळा."

टेपबाईनं घरी येऊन जुन्या मापवह्या उपसल्या. तिची एक खोड आहे. कपडा द्यायला उशीर झाला की त्या मापाखाली कारण लिहून ठेवते, पुढं कटकट नको म्हणून. पोरीच्या पहिल्या वर्षाची वही: छाती छत्तीस, उशीर, पोरीला जुलाब. बाही नऊ, उशीर, पोरगी सलाईनवर. अकरा वेळा!

का होणार नाहीत? आमच्या गल्लीची पाण्याची नळी गटारातून जाते. फुटक्या सांध्यांवर टायरच्या पट्ट्या. मी स्वतः पाच अर्ज दिले. पोच मिळाली, शिक्का छान गोल उमटला, बस्स.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाणी खात्यात गेलो. साहेब वही बघून हसले. "ताई, जुलाब पोटाचे, दमा छातीचा. कुठलं ठिगळ कुठं लावताय?"

"ठिगळं तुम्ही लावता. टायरची."

"वस्तीत जरा हात धुवायची सवय लावा."

"धुतो ना साहेब. तुमच्याच पाण्यानं."

तिनं कोरं पान काढलं. "नाव तुमचं. नळी चौदा फूट तीन इंच, सांधे दोन. सकाळी गटारात उतरून मोजलंय. आता काम द्यायची तारीख बोला."

"अशी तारीख नाही देता येत."

"मी एका मशीनवर देते, तुमच्याकडं अख्खं खातं आहे. धाकटा महिन्याभरात पाणी प्यायला लागेल. त्याच्या आधीची बोला."

बाकड्यावरची माणसं हसायला लागली, तसे साहेब म्हणाले, "पंधरा दिवस." तिनं सही घेतली.

पंधरा दिवसांत कुत्रंही फिरकलं नाही. सोळाव्या दिवशी तिनं मशीन हातगाडीवर घातलं, साहेबांच्या दारात मांडलं आणि शिवायला बसली. साहेब येता-जाता दिसले की एकच सांगायची, "उशिराचं कारण बोला, लिहून घेते." चौथ्या दिवशी नवी नळी पडली, गटाराच्या वरून.

साहेब नव्या नळीसोबत फोटो काढायला आले. मोठी पोरगी पुढं उभं राहायला धावली आणि धापा टाकत खाली बसली.

"चला, झालं ना तुमचं काम?" साहेब म्हणाले.

टेपबाईनं आधी पोरीच्या तोंडाला दम्याचा पंप लावला. ती सावरल्यावर वही उघडली.

"धाकट्याचं झालं. हिला सात वर्षं उशीर. कारण बोला."

साहेब गाडीकडं वळले. ती पेन्सिल धरून उभीच होती.