जहाजाला जुंपलेले बैल

इंग्रजी भाषेची जितकी काळजी माझ्या आतोबांनी वाहिली, तितकी खुद्द विलायतेच्या राजानंही वाहिली नसेल. राजाला निदान इतर कामं तरी होती. आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, एकोणीसशे तीसच्या पुढच्या त्या वर्षांत नाशिकला मिशनच्या शाळेत चौथीला शिकवायचे आणि रविवारी देवळात पाद्रीसाहेबांच्या शेजारी उभे राहून त्यांचा इंग्रजी उपदेश मराठीत सांगायचे. (आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणायचो.) साहेब दोन-चार वाक्यं बोलून थांबत, आतोबा ती मराठीत सांगत, मग साहेब पुढं सरकत. आठवड्यातला तेवढाच वेळ ते जिवंत असतात, बाकीचे दिवस नुसते जेवतात, असं आत्या म्हणायची. शनिवारी संध्याकाळी त्यांचा काळा कोट ओसरीवरच्या खुंटीला टांगला जाई. पेरूच्या झाडांतून गाळून आलेलं पिवळं ऊन त्याच्यावर पडलं, की वाटे, कोटसुद्धा उद्याची स्वप्नं बघतोय.

शब्द उच्चारला की तो खरा करावा लागतो, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि इंग्रजी शब्द तर परक्याचा, उसना आणलेला, म्हणून तो दुप्पट जपायचा. कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हणालं, की ते आधी आभाळाकडे बघत, मग स्वतःच्या गुडघ्याची चौकशी करत, आणि दोन्हीकडून होकार आला तरच ‘गुड मॉर्निंग’ म्हणत. नाहीतर नुसतंच ‘मॉर्निंग’. एकदा आत्याच्या हातून आमटी सांडली आणि ती, साहेबांच्या मडमेचं ऐकून, ‘सॉरी’ म्हणाली. आतोबांनी घास खाली ठेवला.

“सॉरी म्हणजे दुःख. तुला दुःख झालंय का?”

“आमटीचं झालंय,” आत्या म्हणाली, “तुमचं नाही.”

“मग चालेल,” असं म्हणून ते जेवू लागले.

शाळेची आटलेली विहीर खोल खणून घेण्यासाठी त्यांनी कचेरीत अर्ज केला, तेव्हाही अशीच गंमत. इंग्रजी अर्जाच्या शेवटी त्या काळी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशा अर्थाची शेपटी असायचीच. आतोबांनी ती लिहिली नाही. “सेवक मी एकाचाच. आणि कलेक्टरच्या आज्ञा मी कधी ऐकल्यात? देवळात गुडघे टेकायचे आणि कचेरीत खोटं लिहायचं?” म्हणून त्यांनी खाली लिहिलं, ‘आपला, तहानलेला’. कचेरीतला शिरस्तेदार म्हणे तो कागद घेऊन आधी माठाकडे गेला. विहीर काही खोल झाली नाही, पण आतोबांचा आत्मा स्वच्छ राहिला. पाणी आम्ही लांबून आणलं.

अशा माणसाकडे मी पंधराव्या वर्षी इंग्रजी शिकायला जायचे. माझं तेव्हाचं ध्यान काय सांगू! दोन वेण्या, दोन रिबिनी आणि तोंडात कायम ‘नेव्हरदलेस’. हा शब्द मला कुठं सापडला कोण जाणे, पण मी तो दागिन्यासारखा घालून हिंडायचे. टांगेवाल्यालासुद्धा मी ‘नेव्हरदलेस, शालिमार’ म्हणाले होते, आणि त्यानं मला भलतीकडेच नेऊन सोडलं होतं. गाईवरच्या निबंधात मी गाईला ‘मॅग्निफिसंट’ म्हटलं, ‘मॅजेस्टिक’ म्हटलं आणि शेवटी ‘नेव्हरदलेस’ म्हणून तिचे पाय मोजले. आतोबांनी सगळं वाचलं आणि खिडकीतून बाहेर बघत हळूच विचारलं, “ही दूध देते का गं?”

“देते ना.”

“मग तेवढं राहिलंय बघ.”

मी फुगून बसले. तेव्हा ते जे बोलले, ते मला त्या वेळी मुळीच पटलं नव्हतं. “पोरी, प्रभूनं स्वतःला काय म्हटलं? भाकर. दार. वाट. उजेड. इंग्रजीत बघ, मराठीत बघ, किती बारके शब्द. स्वर्गातून आलेल्या माणसाला हवे तेवढे जाड शब्द मिळाले असते की नाही?” मला वाटलं, त्याला ‘नेव्हरदलेस’ माहीत नसणार.

एका हिवाळ्यात साहेबांच्या दौऱ्याबरोबर आत्या आणि मीही सिन्नरकडच्या एका गावी गेलो. पारावर साहेबांनी समुद्राचा उपदेश केला: वादळ, जहाज, खडक, दीपगृह. आतोबा शेजारी उभे राहून सांगत होते, की नदीला पूर आलाय, गाडी उताराशी अडलीय, बैल बुजलेत, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील धरून उभं आहे. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. एक जण साहेबांचे हात धरून म्हणाला, “साहेबांना आमच्या नदीचं बरं ठाव हाय!”

परतताना गाडीत साहेब आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाले, “मास्तर, माझ्या जहाजाला तुम्ही बैल जोडता!” आणि इतके हसले, की गाडीचे खरे बैल थबकले. हसू ओसरल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आतोबांनी त्यांना रोज संध्याकाळी शिकवलेली मराठी त्यांना आता चक्क कळायला लागली होती. “मग आता तुम्हांला कशाला त्रास? पुढच्या रविवारी मीच मराठी बोलतो.” ते भले होते, त्यांना वाटलं आपण मास्तरांवर उपकार करतोय. आतोबा “छान, छान” म्हणाले.

शनिवारी साहेबांनी आपला मराठी उपदेश तपासायला पाठवला. हरवलेल्या मेंढराचा होता, पण त्यातलं मेंढरू काही दिसेना. कुणा शास्त्रीबुवांच्या मदतीनं साहेबांनी त्यात ‘परमकारुणिक’ घातलं होतं, ‘अनिर्वचनीय’ घातलं होतं, आणि ‘संसारार्णव’सुद्धा. मी तर हरखलेच. “आतोबा, हे असंच राहू द्या! उद्या कुणाला अक्षर कळायचं नाही, आणि परवा साहेब तुमच्या दारात!”

ते खूप वेळ त्या कागदांकडे बघत बसले. ऊन कोटावरून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून अंगणात गेलं. आत्यानं कंदील आणून ठेवला, त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

“उद्या माणसं भुकेली येतील, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “मी ताटावर झाकण ठेवू?” आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

दुसऱ्या दिवशी ते कोट घालून आले आणि पहिल्यांदाच मंडळीत बसले. पुरुषांची बाकं उजवीकडे, आमची डावीकडे, मधे हातभर वाट. वाटेच्या या कडेला मी, त्या कडेला ते. साहेब उभे राहिले. “रात्र झाली होती. एक मेंढरू आलं नव्हतं. तो बाहेर पडला. त्यानं हाक मारली.” एवढं बोलून साहेब थांबले. इतक्या वर्षांची सवय. दोन-चार वाक्यं झाली, की थांबायचं. सगळ्या मंडळीनं त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. आणि त्या शांततेत मला वाटेपलीकडून कुजबुज ऐकू आली. आतोबांचे डोळे मिटलेले होते, हात मांडीवर होते. “इट वॉज डार्क. ही वेंट आउट. ही कॉल्ड.”

साहेब पुढं बोलले, थांबले. आतोबा कुजबुजले. शेवटपर्यंत असंच. त्यांना कुणी सांगायला सांगितलं नव्हतं, आणि ऐकायला एक रिबिनीवाली बावळट पोर तेवढी होती. तिला त्या दिवशी सगळं इंग्रजी कळलं.

आता माझी नातवंडं मला देवळात धरून नेतात. उपदेश करता करता पाळक कधी पाणी प्यायला थांबतात, कधी पान उलटायला. सगळे तेवढ्यात खोकून घेतात. मी मात्र मान थोडी उजवीकडे कलवते आणि ऐकत राहते.